मुक्या रोग्याची कैफियत

दिवाळीच्या अंकात जंतांवर लिहू नये, एवढे व्यवहारज्ञान मला आहे. वाचक फराळाच्या ताटाशी बसलेला असतो. चकली मोडता मोडता अंक चाळीत असतो. त्याला एखादी खुसखुशीत गोष्ट, निदान एखादे प्रवासवर्णन तरी हवे असते. अशा वेळी माशाच्या आतड्यातल्या किड्यांची कथा त्याच्यापुढे वाढणे हा अरसिकपणा आहे, हे मला मान्य आहे. पण लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आपण लक्ष्मीबरोबर केरसुणीलाही हळदकुंकू वाहतो. वर्षभर कोपऱ्यात उभी राहून घरातली घाण बाहेर काढणारी ती वस्तू. एक दिवस तिचाही मान असतो. माझा हा लेख त्या केरसुणीच्या मानाने वाचावा, एवढीच विनंती आहे.

माझी तक्रार थोडक्यात सांगतो. काचेच्या पेटीतला मासा आजारी पडला की आपण त्याच्याकडे पाहत नाही. आपण औषध आणतो आणि पाण्यात ओततो. कोणते औषध, किती पाण्यात, कोणत्या रोगावर, हे प्रश्न आपल्याला पडतच नाहीत. मासा मेला तर औषध उशिरा ओतले असे म्हणतो, आणि जगला तर औषधाचा गुण आला असे म्हणतो. या प्रकाराला उपचार हे नाव देण्याला माझा आक्षेप आहे. आणि हा आक्षेप मी केवळ दुसऱ्यांवर घेत नाही. या खटल्यातला पहिला आरोपी मीच आहे.

मी गगनबावड्याला राहतो. शिक्षण मॅट्रिकपुरते, पेशा मास्तरकीचा आणि नाद कादंबऱ्या लिहिण्याचा. आमचे गाव म्हणजे कोल्हापूर जिल्ह्याचे पश्चिमेकडचे टोक. येथून एक रस्ता करूळ घाटाने आणि दुसरा भुईबावडा घाटाने खाली कोकणात उतरतो. पाऊस इतका, की जून ते सप्टेंबर आमच्याकडे कपडे वाळत नाहीत. ते फक्त कमी ओले होतात. धुके खिडकीतून वर्गात येते आणि फळ्यावर खडू उमटत नाही. अशा गावात, जेथे छपरापासून चपलेपर्यंत सगळीकडे पाणीच पाणी, तेथे पाण्याची पेटी घरात ठेवण्याची हौस कुणाला व्हावी? पण झाली खरी. एका माजी विद्यार्थ्याने शाळेला काचेची पेटी भेट दिली आणि कोल्हापूरच्या एका दुकानातून आम्ही मासे आणले. दोन एंजल, चार गोरामी आणि डझनभर गप्पी. गप्पी मासा आपल्या लोकांना नवा नाही. हिवतापवाल्यांनी तो गावोगावच्या हौदांत आणि डबक्यांत सोडला आहे. डासांच्या अळ्या खातो म्हणून भिंतीभिंतींवर त्याची शिफारस आपण वाचलेली आहे. पण काचेआड, दिव्याच्या उजेडात, शेपटीचा रंगीत पदर हलवीत जाणारा गप्पी आमच्या पोरांनी पहिल्यांदाच पाहिला. मधल्या सुट्टीत पेटीभोवती इतकी गर्दी होऊ लागली, की खोखोचे मैदान ओस पडले.

पहिल्याच पावसाळ्यात एक एंजल बिघडला. त्याचे पोट खपाटीला गेले. खाणे तोंडात घ्यायचा आणि थुंकून टाकायचा. त्याच्या मागे पांढऱ्या दोऱ्यासारखी लांबलचक विष्ठा लोंबत असे. तो कोपऱ्यात, पंपाच्या नळीमागे, तोंड भिंतीकडे करून उभा राही. घरातले म्हातारे माणूस आजारी पडले की कूस बदलून भिंतीकडे तोंड करते, तसा.

मी काय केले? पहिल्या दिवशी निळे औषध ओतले, कारण ते दुकानदाराने माशांबरोबर दिलेलेच होते. पेटी शाईच्या दौतीसारखी दिसू लागली. तिसऱ्या दिवशी पिवळे ओतले. पाचव्या दिवशी शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून मूठभर जाडे मीठ टाकले. सातव्या दिवशी कुणीतरी म्हणाले, पोटात जंतू असतील, माणसाला जुलाबावर देतात त्या गोळ्या कुटून टाका. माझ्या स्वतःच्या मागच्या दुखण्यातले अर्धे पाकीट घरात होते. चार गोळ्या मी वरवंट्याने कुटल्या आणि पाण्यात सोडल्या. पाणी बदलले नाही. म्हटले, बदलले तर औषध वाया जाईल! आठव्या दिवशी चारही गोरामी पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडझाप करू लागले. नवव्या दिवशी ते मेले. दुसरा एंजलही मेला, जो पूर्णपणे निरोगी होता. गप्पींपैकी आठ गेले. आजारी मासा सर्वांच्या शेवटी मेला.

हे शेवटचे वाक्य वाचकाने पुन्हा एकदा वाचावे. ज्याच्यासाठी औषध, तो सर्वांच्या शेवटी मेला. याचा अर्थ त्याला ज्या रोगाने गाठले होते, त्याहून माझा उपचार अधिक जलद होता. माझ्या कादंबऱ्यांत आजवर मी सात माणसे मारली आहेत. त्यांपैकी एकाचेही मरण इतके निष्कारण नव्हते.

हे कसे घडले, ते मला पुढे वाचून कळले. माशांची पेटी म्हणजे नुसते पाणी नव्हे. मासा श्वासावाटे आणि विष्ठेवाटे अमोनिया बाहेर टाकतो, आणि अमोनिया हे माशाला विष आहे. नदीत ते वाहून जाते. पेटीत ते साठते. पण गाळणीतल्या स्पंजावर आणि वाळूवर काही उपकारी जिवाणू वस्ती करून असतात. ते या अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग पुष्कळ कमी विषारी असे नायट्रेट करतात. घरातली मोलकरीण दिसत नाही, काम दिसते, तसा हा प्रकार. माझ्या निळ्यापिवळ्या औषधांनी या जिवाणूंचाच आधी निकाल लावला. मग विष साठले आणि मासे आपल्याच घाणीत गुदमरले. आणि ज्या गोळ्या मी कुटल्या, त्या योग्य होत्या की अयोग्य हा प्रश्नच उरला नाही. कारण किती पाण्यात किती गोळ्या याचा हिशेब गणित शिकवणाऱ्या या मास्तराने केलाच नव्हता.

यानंतर माझे सांत्वन सुरू झाले, आणि खरे सांगायचे तर माझा संताप तेव्हापासूनच सुरू झाला. सांत्वन करणारे दोन प्रकारचे होते. पहिला प्रकार व्यवहारी. दुकानदार म्हणाला, “सर, एवढ्याशा माशासाठी कशाला जीव जाळताय? औषधाच्या पैशांत दुसरे चार न्या की!” हिशेब बिनचूक आहे. पण हाच हिशेब पुढे नेला तर कोंबडीवर, मग शेळीवर आणि मग कुणावर येऊन थांबतो, याचा विचार करावा. वस्तू मोडली की दुसरी आणावी. पण ज्याला भूक लागते आणि ज्याचे दुखते, तो वस्तू नव्हे. आपण त्याला नदीतून किंवा हौदातून काढून चार काचांत कोंडले, त्याच क्षणी त्याच्या दुखण्याची जबाबदारी आपल्यावर आली. ती त्याच्या किमतीवर मोजायची नसते.

दुसरा प्रकार धार्मिक. तो अधिक घातक आहे, कारण तो गोड आहे. एक वडीलधारे गृहस्थ मला म्हणाले, “मास्तर, वाईट वाटून घेऊ नका. घरावरचं संकट मासा आपल्या अंगावर घेतो. शाळेवर काहीतरी येणार होतं, ते त्यांनी घेतलं.” हा समज हल्ली घराघरांत पसरला आहे. अमुक दिशेला पेटी ठेवावी, अमुक इतके सोनेरी आणि एक काळा मासा ठेवावा, आणि मेला तर आनंद मानावा! मी त्या गृहस्थांना उत्तर दिले नाही, कारण ते वयाने मोठे आहेत. पण आता लिहून देतो. काका, संकट बाहेरून यायचे नव्हते. संकट पेटीसमोर उभे होते, त्याच्या अंगात सदरा होता आणि हातात निळी बाटली होती. मासे मेले ते कुणाचे संकट घेऊन नव्हे. ते माझ्या आळसाने मेले. आपल्या हातून झालेली हत्या देवाच्या खात्यावर टाकण्याची ही सोय जोवर आहे, तोवर पेटीपुढे वाकून पाहण्याचे कष्ट कोण घेणार?

कुणी म्हणेल, पाहून कळणार काय? मासा का बोलतो? बोलत नाही, हे खरे. पण सांगत नाही, हे खरे नव्हे. त्याची विष्ठा, त्याचे पोट, त्याचे खाणे आणि थुंकणे, त्याचे उभे राहणे, ही त्याची जबानीच आहे. ती घाईने वाचू नये, एवढेच. पांढरी दोऱ्यासारखी विष्ठा दिसली की ‘जंत!’ म्हणून ओरडणारे पुष्कळ आहेत. परंतु उपाशी माशाच्या रिकाम्या आतड्यातून नुसता शेंबडासारखा स्राव बाहेर पडतो, तोही असाच दिसतो. भीतीने खाणे सोडलेला मासा असेल, थंड पाण्याने गारठलेला असेल; आणि आमच्या गगनबावड्याच्या पावसाळ्यात पेटीचे पाणी किती गार होते, हे मी बोट घालूनसुद्धा पाहिले नव्हते! खरे जंतू आहेत की नाहीत, हे पाहण्याचा मार्ग एकच. ताज्या विष्ठेचा कण काचपट्टीवर घ्यावा, पाण्याचा थेंब टाकावा आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरावा. एंजल, डिस्कस यांसारख्या माशांच्या आतड्यांत हेक्झामिटा, स्पायरोन्यूक्लिअस अशा नावांचे शेपटीवाले एकपेशी जीव असतात. असले तर ते तेथे वळवळताना दिसतात.

हे काम विद्वानांचे आहे असे कुणी समजू नये. १६८१ साली हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावी लेव्हेनहूक नावाच्या कापडवाल्याने आपल्या स्वतःच्या जुलाबाचा थेंब घरी घासलेल्या भिंगाखाली धरला आणि त्यात चपळ हालणारे जीव पाहून त्यांचे वर्णन लिहून ठेवले. आज आपण ज्याला जिआर्डिया म्हणतो, तो जीव त्याने पाहिला असे मानतात. माशांच्या पोटातला हेक्झामिटा हा याच जिआर्डियाचा भाऊबंद. लेव्हेनहूकला लॅटिन येत नव्हते, कुठल्या विद्यापीठाची पदवी नव्हती. त्याच्याजवळ भिंग होते आणि किळस बाजूला ठेवण्याचे धैर्य होते. आणि आमच्याजवळ? आमच्या शाळेच्या कपाटात एक उत्तम सूक्ष्मदर्शक होता. तपासणीच्या दिवशी तो टेबलावर येई, पुसला जाई आणि साहेब गेले की पुन्हा कुलपात जाई. मासे मरत होते तेव्हा तो पेटीपासून वीस पावलांवर होता.

माझे डोळे उघडले ते पुढल्या श्रावणात, आणि उघडणारी होती सातवीतली एक मुलगी. वाचलेल्या चार गप्पींत मी नवे दहा आणून सोडले होते. सोडले म्हणजे पिशवी उघडली आणि ओतले. ओतण्याची सवय जात नाही! खरे म्हणजे नवा मासा निदान तीन-चार आठवडे वेगळ्या भांड्यात ठेवून पाहावा लागतो. २०२० साली करोनाच्या भीतीने बाहेरगावाहून येणाऱ्या आपल्याच माणसांना आम्ही याच शाळेच्या खोल्यांत चौदा दिवस ठेवले होते. तो धडा माशांच्या बाबतीत मला आठवला नाही. ती मुलगी मधल्या सुट्टीत पेटीपुढे गुडघे टेकून बसे. एक दिवस ती शिक्षकांच्या खोलीच्या दाराशी येऊन उभी राहिली.

“सर, त्या पिवळ्या गप्पीच्या मागनं लाल दोरं बाहेर आल्यात.”

मी म्हटले, “विष्ठा असेल.”

“न्हाई सर. तो थांबला की दोरं बाहेर येत्यात आणि पळाला की आत जात्यात. तीन दिस बघायलोय आमी.”

मी गेलो. वाकलो. पाच मिनिटे काही दिसले नाही; मी उठणार, तोच तिने माझी बाही धरली. गप्पी पानाआड स्थिर झाला आणि त्याच्या गुदद्वारातून दोन बारीक लालभडक टोके हळूच बाहेर आली. तो हलला आणि ती आत गेली. हा कॅमॅलॅनस नावाचा गोल जंत. माशाच्या आतड्याला तोंडाने घट्ट धरून तो रक्तावर जगतो, म्हणून लाल दिसतो. मुलीने तीन दिवस पाहिले, म्हणून रोगाला नाव मिळाले. मी पहिल्या खेपेला नऊ दिवसांत चार वेळा औषध टाकले आणि रोगाचे नाव मला आजतागायत माहीत नाही.

आमच्या भागातल्या जनावरांच्या डॉक्टरांकडे मी मुलीने काढून घेतलेला फोटो घेऊन गेलो. ते हसले आणि म्हणाले, “मास्तर, मी माशांचा डॉक्टर नव्हे. पण जंतांचा आहे. पेटीत पाणी किती?”

मी म्हणालो, “मोठी पेटी आहे.”

“मोठी म्हणजे किती? म्हैस आणली तर मी आधी वजन विचारतो. जा, मोजून आणा.”

इतका शरमिंदा मी शाळा तपासनिसासमोरही झालो नव्हतो. परत आलो आणि सातवीच्या वर्गालाच ते गणित घातले. पेटीची लांबी ६० सेंटिमीटर, रुंदी ३०, वाळूच्या वर पाण्याची उंची ३०. गुणाकार ५४,००० घनसेंटिमीटर, म्हणजे ५४ लिटर. डॉक्टरांनी मत्स्यशास्त्रातल्या आपल्या एका परिचिताला विचारून लेव्हामिसोल हे औषध ठरवले. गाईम्हशींच्या जंतांवर देतात तेच. प्रमाण एका लिटरला २ मिलिग्रॅम, चोवीस तास. म्हणजे ५४ लिटरला १०८ मिलिग्रॅम. त्यांच्याजवळच्या बाटलीत एका मिलिलिटरमध्ये ७५ मिलिग्रॅम औषध होते. पोरांनी त्रैराशिक मांडले: १.४४ मिलिलिटर. सुईच्या पिचकारीत पाहिले तर ते दीड मिलिलिटरहूनही कमी, चमच्याच्या तळाला कसेबसे पुरेल एवढे! वाचकाने हा आकडा आपल्या पेटीला लावू नये. त्याची पेटी निराळी, बाटलीची ताकद निराळी. त्याने हिशेब उचलावा, उत्तर उचलू नये.

औषधाने जंत लुळे पडतात आणि मासा त्यांना बाहेर टाकतो. म्हणून गाळणीतला कोळसा आधी काढावा लागतो, नाहीतर तो औषधच शोषून घेतो. उजेड बंद ठेवावा लागतो. आणि चोवीस तासांनंतर खरे काम सुरू होते. रबरी नळीने तळ कानाकोपऱ्यासकट ओढून काढावा लागतो, कारण तळाशी पडलेले जंत आणि त्यांची पिल्ले तेथे राहिली तर सारे पुन्हा पहिल्यापासून. पाणी बहुतेक सगळे बदलावे लागते. आणि तीन आठवड्यांनी हे सर्व पुन्हा एकदा करावे लागते. सतरा दिवसांनी पिवळा गप्पी थांबला, आणि आम्ही सर्वांनी श्वास रोखून पाहिले. काही बाहेर आले नाही. तरीही तीन आठवड्यांनी दुसरी खेप दिलीच. चौदापैकी अकरा मासे जगले. जे तीन गेले, ते औषधाआधीच फार खंगले होते.

आता विरोधकांचे म्हणणे ऐकू. एक सहकारी मला म्हणाले, “तुम्ही पाहिल्याशिवाय औषध नको म्हणता, आणि जंतनाशक दिनाला काय करता? वर्गातल्या एकेका पोराची तपासणी करून गोळी देता काय?” हा मुद्दा चांगला आहे, आणि त्याला उत्तर दिले पाहिजे. २०१५ सालापासून देशात राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो. मुलांना अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची गोळी मी स्वतःच्या हाताने देतो, आणि तपासणी केलेली नसते हे खरे. पण त्याच्या आधी कुणीतरी पाहिलेले असते. मातीतून पसरणारे जंत कोठल्या भागात किती मुलांना असतात, याची पाहणी झालेली असते. औषध कोणत्या जंतांवर आहे हे ठाऊक असते. मात्रा वयावर ठरलेली असते, एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धी गोळी. गोळी माझ्यासमोर चावून खायची असते. आजारी मुलाला त्या दिवशी ती देत नाहीत. आणि वहीत नाव लिहायचे असते. पोरांच्या पोटात जंत असतील अशा अंदाजाने गोळ्यांचे पोते आपण गावच्या विहिरीत रिकामे करीत नाही! पेटीत मात्र आपण नेमके तेच करतो.

आणि औषधे तरी सगळी एक आहेत काय? शेपटीवाल्या एकपेशी जीवांवर मेट्रोनिडाझोल, चपट्या आणि पट्टीसारख्या कृमींवर प्राझिक्वांटेल, गोल जंतांवर लेव्हामिसोल किंवा फेनबेंडाझोल. एकाचे औषध दुसऱ्यावर म्हणजे खोकल्यावर खरजेचे मलम. शिवाय मासा खात असेल तोवर औषध त्याच्या खाण्यात मिसळून पोटात घालणे पुष्कळदा अधिक गुणाचे असते. रोग पोटात आहे, पेटीत नव्हे. यासाठी वेळेवर पाहावे लागते, कारण खाणे सुटले की तो दरवाजा बंद होतो. माणसांची औषधे चिठ्ठीवाचून आणून अंदाजाने पाण्यात टाकणे तर माशाशी आणि माणसाशी दोघांशीही वैर आहे; अर्धवट मात्रेत जगलेला जंतू त्या औषधाला निर्ढावतो. ज्यांना जवळ जाणता डॉक्टर नाही, त्यांनी हे ध्यानात ठेवावे की आपल्याकडे माशांचे शास्त्र शिकवणाऱ्या संस्था आहेत. मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था १९६१ सालापासून आहे, आणि रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय १९८१ सालापासून आहे. विचारायला लाज वाटू नये.

औषधाशिवाय रोग जात नाही, असे ज्यांना वाटते त्यांना मी नारूची आठवण देतो. आपल्या आजीपणजीच्या तोंडी हा शब्द होता. महाराष्ट्रातल्या पुष्कळ गावांत पायऱ्यांच्या विहिरीचे पाणी पिऊन माणसाच्या पायातून हातभर लांबीचा जंत बाहेर येई, आणि तो काडीला गुंडाळून रोज थोडाथोडा ओढावा लागे. या नारूवर औषध नव्हते, आजही नाही. तरीही तो भारतातून गेला. जुलै १९९६ मध्ये राजस्थानात शेवटचा रोगी सापडला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त असल्याचे प्रमाणपत्र दिले. कशाने गेला? पाहण्याने. जंताची पिल्ले पाण्यातल्या सायक्लॉप्स नावाच्या बारीक प्राण्यात राहतात हे पाहिले, म्हणून पाणी फडक्याने गाळले. नारू झालेल्या माणसाला विहिरीत पाय बुडवू दिला नाही. पायऱ्यांच्या विहिरी बंद करून रहाटाच्या केल्या. सायक्लॉप्स मारण्यापुरते औषध मोजून पाण्यात टाकले, तेही नेमके कशासाठी हे जाणून. आमच्या गप्पीच्या पोटातला लाल जंत या नारूच्याच गोतातला, आणि तोही सायक्लॉप्सच्याच पाठीवर बसून फिरतो. डबक्यातले जिवंत खाणे न गाळता माशांना घालणाऱ्यांनी हे वाचून ठेवावे.

एक शेवटचा आरोप, आणि तो दयाळू लोकांवर आहे. आजारी मासा डोळ्यांदेखत मरू नये म्हणून ते त्याला नदीत सोडून देतात. मलाही मुलांनी सुचवले होते, “सर, कुंभीत सोडून येऊ.” आमची कुंभी पुढे जाऊन पंचगंगेला मिळते. तिच्यात आधीच राहणारे मासे आहेत. त्यांना हा लाल पाहुणा कशाला? हवाई बेटांवर हे घडलेले आहे. पेट्यांतले आणि डासांसाठी आणलेले गप्पीजातीचे मासे तेथल्या ओढ्यांत गेले, त्यांच्याबरोबर हाच जंत गेला, आणि जगात दुसरीकडे कुठेही न आढळणाऱ्या तेथल्या माशांच्या पोटांत त्याने बिऱ्हाड केले. दया करायची तर आपल्या पेटीत करावी. आपले दुखणे नदीला देणे ही दया नव्हे.

दिवाळीत पुष्कळ घरी भेट म्हणून माशांची पेटी येईल. मुले टाळ्या पिटतील. त्या घरातल्या वडीलधाऱ्यांना माझे एवढेच सांगणे आहे: पेटीबरोबर औषधांच्या बाटल्या आणू नका. पट्टी आणा, थर्मामीटर आणा, रबरी नळी आणि एक जास्तीचे भांडे आणा, आणि शंभर पानी वही आणा. पेटीचे पाणी आजच मोजून तिच्या पाठीवर लिटर लिहून ठेवा. मासा दुखणाईत दिसला तर पहिल्या दिवशी फक्त पाहा, लिहा, थोडे पाणी बदला. बाटली नंतर.

आमच्या पेटीला आता अशी वही टांगलेली आहे. रोजची पाळी मुलांची. सूक्ष्मदर्शक कपाटातून बाहेर आला आहे आणि त्याच्यावर आता धूळ नसते, बोटांचे ठसे असतात. घटस्थापनेच्या दिवशी त्या मुलीची पाळी होती. तिने लिहिले आहे: “सगळे खातात. एक काळा गप्पी कोपऱ्यात आहे, पोट बरे आहे. उद्या परत बघायचे.”

दिवाळीच्या सुट्टीत पेटीच्या खोलीची किल्ली मी तिच्याकडेच देणार आहे.